राजहंसाची मान

शहरातल्या तळ्यावर सहलीच्या बोटी नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पायडल मारून चालवायची एक पांढरी बोट हंसाच्या आकाराची होती. लोक तिला राजहंस म्हणत, आणि हा हंसही स्वतःला खराखुरा राजहंस समजून बसला होता.

काठच्या गवतात राहणाऱ्या पाणकोंबडीचा जीव मात्र सारखा टांगणीला लागलेला. तिची तीन पिल्लं त्याच्या मागेमागे पार तळ्याच्या मध्यापर्यंत जायची.

एके दिवशी ती काठावरून ओरडली, "अहो राजहंस, मागून मोटारबोट येतेय! जरा वळून बघा!"

"भित्री कुठली! राजहंस कधी मागे वळून बघत नसतो."

"बघत नाही, की मान वळतच नाही तुमची?"

हंस तसाच पुढे जात राहिला. पिल्लांनी मात्र मागे पाहिलं आणि "आई गं!" म्हणत पाण्यात बुडी मारली. मोटारबोट हंसाला घासून गेली आणि त्याची मान कडकन मोडली. पिल्लं पोहत काठाला आली आणि आईच्या पंखाखाली शिरली.

आठवड्याने हंसाला नवी मान बसवली.

"कशी दिसते?" त्याने ऐटीत विचारलं.

"छान आहे हो," पाणकोंबडी पिल्लांना काठाशी घेत म्हणाली. "वळते का?"