घुंगीचं बोळकं कोण घेणार?

ऐका हं. कान इकडे, बोट तोंडातून बाहेर.

एक होती कुंभारीणमाशी. तिचं नाव घुंगी. होती केवढी? तुझ्या करंगळीच्या नखाएवढी! आणि कंबर तर काय, दोऱ्याएवढी.

कुंभारीणमाशी म्हणजे मातीची मडकी करणारी माशी. घुंगी ओढ्यावर जायची, घूं घूं घूं. चिखलाची गोळी आणायची, घूं घूं घूं. मग थापायची, थप थप थप. की झालं इवलंसं बोळकं! गोल पोटाचं, छोट्या तोंडाचं.

शुक्रवारी चिंचेखाली बाजार भरला. घुंगीने एका पानावर बोळकी मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

आला वारा, सूंऽऽऽ! एक बोळकं कलंडलं. गडगड गडगड गडगड... फट्!

सगळ्या बाजाराने वळून बघितलं.

"अगंबाई, फुटलं!"

"कच्चं असेल."

"हो हो, कच्चंच असणार!"

आता दगडावर आपटल्यावर कुठलंही मडकं फुटणारच की! पण ऐकतंय कोण?

उरली पाच बोळकी. समोरच्या दुकानात ही गर्दी! शेजारच्या दुकानात ही गर्दी! घुंगीकडे कोणी नाही. कोणी बोळकं घेईना. कोणी "काय गं घुंगी?" एवढंही विचारीना. घुंगीला फार फार एकटं वाटलं.

"कोणी येत नाही ना? मग मीच जाते," घुंगी म्हणाली.

घूं घूं घूं. घुंगी गेली खारूताईकडे.

"खारूताई, खारूताई, माझं बोळकं घेतेस का? एका दाण्याला एक. शेंगदाणे ठेवायला छान!"

खारूताईने शेपटी उडवली, फुर्र फुर्र.

"ससेभाऊंनी घेतलं का?"

"नाही गं."

"मग नको बाई. मी एकटीने घेतलं आणि फुटलं, तर सगळे मला हसतील. ससेभाऊंनी घेतलं, तर मी घेईन!"

घूं घूं घूं. घुंगी गेली ससेभाऊंकडे.

"ससेभाऊ, ससेभाऊ, माझं बोळकं घेता का?
खारूताई थांबलीय ससेभाऊंसाठी,
आणि मी बसलेय एकटी!"

ससेभाऊंनी कान हलवले, लप लप.

"कोंबडीकाकूंनी घेतलं का?"

"नाही हो."

"मग नको. मला काय कळतंय मडक्यातलं? कोंबडीकाकूंना सगळं कळतं. कोंबडीकाकूंनी घेतलं, तर मी घेईन!"

घूं घूं घूं. घुंगी गेली कोंबडीकाकूंकडे.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, माझं बोळकं घेता का?
ससेभाऊ थांबलेत कोंबडीकाकूंसाठी,
खारूताई थांबलीय ससेभाऊंसाठी,
आणि मी बसलेय एकटी!"

कोंबडीकाकूंनी मान वाकडी केली, कुक् कुक्.

"मेंढीमावशीने घेतलं का?"

"नाही हो."

"मग नको गं. मेंढीमावशीच्या घरी जे असतं, तेच मला हवं असतं. मेंढीमावशीने घेतलं, तर मी घेईन!"

घूं घूं घूं. घुंगीचे पंख दुखायला लागले. पण गेली बिचारी मेंढीमावशीकडे.

"मेंढीमावशी, मेंढीमावशी, माझं बोळकं घेतेस का?
कोंबडीकाकू थांबल्यात मेंढीमावशीसाठी,
ससेभाऊ थांबलेत कोंबडीकाकूंसाठी,
खारूताई थांबलीय ससेभाऊंसाठी,
आणि मी बसलेय एकटी!"

मेंढीमावशी म्हणाली, "बेंऽऽ! पुढे कोण आहे? मी नाही बाई कधी पुढे जात. खारूताईने घेतलं, तर मी घेईन!"

अरे देवा! खारूताई? परत खारूताई?

घूं घूं घूं. घुंगी परत गेली खारूताईकडे.

"खारूताई, खारूताई, ऐक ना गं!
मेंढीमावशी थांबलीय खारूताईसाठी,
कोंबडीकाकू थांबल्यात मेंढीमावशीसाठी,
ससेभाऊ थांबलेत कोंबडीकाकूंसाठी,
खारूताई थांबलीय ससेभाऊंसाठी,
आणि मी बसलेय एकटी!"

"बरोबर!" खारूताई म्हणाली. "ससेभाऊंनी घेतलं, तर मी घेईन!" आणि शेपटी उडवली, फुर्र फुर्र.

कप्पाळ! हा म्हणतो तो, तो म्हणतो ही. मग सुरुवात करायची कोणी?

घुंगी आपल्या पानावर येऊन बसली. दुपार झाली. समोर गर्दी, शेजारी गर्दी, मधे एकटी घुंगी. तिचा एक अश्रू बोळक्यात पडला, टप्.

तेवढ्यात आवाज आला. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

कोण आलं? काळी मुंगी!

"काय गं माशीताई, एकटीच?"

घुंगीला इतकं बरं वाटलं! सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

मुंगी म्हणाली, "मला एक बोळकं हवंय. आमची आजी म्हातारी झालीय. तिला ओढ्यापर्यंत चालवत नाही. तिच्यासाठी घरी पाणी न्यायचंय."

"पण माझं बोळकं खारूताईने नाही घेतलं," घुंगी हळूच म्हणाली. "ससेभाऊंनीही नाही घेतलं."

"बरं मग? आजी म्हणते, मडकं घ्यावं वाजवून." आणि मुंगीने बोळक्यावर टिचकी मारली.

टण्!

मग ओढ्याचं पाणी आणून आत ओतलं. वाट बघितली. एक थेंबही गळला नाही.

"चांगलं आहे की! हा घे तुझा दाणा."

"तू कोणालाच नाही विचारलंस?"

"मडक्याचं मडक्याला विचारलं," मुंगी म्हणाली. बोळकं डोक्यावर घेतलं आणि निघाली बाजारातून. तुरुतुरु, तुरुतुरु. टण् टण्, टण् टण्.

झाडावरून खारूताईने बघितलं. "अगंबाई! मुंगीने घेतलं? मग मलाही हवं!" ससेभाऊंचं नावसुद्धा काढलं नाही बघा! धावत आली, फुर्र फुर्र. दाणा दिला, बोळकं घेतलं.

मेंढीमावशीने बघितलं. "बेंऽऽ! खारूताईने घेतलं? मग मी घेते!"

कोंबडीकाकूंनी बघितलं. "कुक् कुक्! मेंढीमावशीने घेतलं? मग मी घेते!"

ससेभाऊंनी बघितलं, कान हलवले, लप लप. "कोंबडीकाकूंनी घेतलं? मग मी घेतो!"

मुंगीचं एक, खारूताईचं एक, मेंढीमावशीचं एक, कोंबडीकाकूंचं एक, ससेभाऊंचं एक. संपली पाच बोळकी! वाजवून बघितलं का कोणी? छे! नाव नको.

"माझं बोळकं जास्त गोल!"

"नाही, माझं जास्त गोल!"

असं म्हणत म्हणत सगळे निघून गेले. घुंगीला कोणी "येतो हं" म्हटलं नाही.

बाजार उठला. चिंचेखाली कोणी नाही. पानावर पाच दाणे आणि शेजारी घुंगी. बोळकी खपली, ती खूश झाली होती. पण आता पुन्हा एकटीच होती. दाण्यांशी काय बोलणार?

आणि मग आवाज आला. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"मुंगीताई! पण आता बोळकं उरलं नाही गं," घुंगी म्हणाली.

"बोळकं कोणाला हवंय?" मुंगी म्हणाली. "मी बसायला आलेय. आजी तुझ्या बोळक्यातलं पाणी प्यायली. म्हणाली, कसं गार लागलं! जा, त्या पोरीला सांगून ये. आणि तिलाही पाज."

मुंगीने डोक्यावरून बोळकं उतरवलं. एक घोट घुंगी प्यायली, गुट्. एक घोट मुंगी प्यायली, गुट्. आणि दोघी त्या पानावर बसल्या. अगदी जवळ जवळ.

घुंगी हसली. पंख हलवून म्हणाली,

"मुंगीताई थांबलीय माझ्यासाठी,
आता मी नाही एकटी!"

झाली गोष्ट, भरलं बोळकं. आता तुझं पोट दाखव बघू. वाजवून बघते हं...

टण्!