देवराईची देणगी

सन २०१६, चैत्राचा शेवटचा आठवडा. देवराईच्या कडेला भिवा गुरव एकटाच राहायचा. बायको गेल्यापासून त्याला सोबत होती ती राईतल्या धनेश पक्ष्यांची. राई राखायला पंचायतीने एका खासगी निसर्ग मंडळाला दोन लाख दिले. राखणदार काही आला नाही. कुऱ्हाडी आल्या, आणि धनेश उडून गेले.

ग्रामसभेत भिवाने विचारलं, "त्या दोन लाखांचं काय झालं?"

सरपंच अण्णासाहेब तावडे हसले. "भिवाकाका, मंडळ खासगी आहे. त्यांच्याकडे हिशेब मागायचा पंचायतीला अधिकार नाही. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून सभेत बोलता होय?"

सभाही हसली. हसणं थांबेपर्यंत भिवा उभा राहिला.

"बरोबर आहे तुमचं. मंडळाने राईच्या तोंडाशी पाटी लावलीय, 'देवराई संरक्षण, अण्णासाहेब तावडे यांच्या दोन लाखांच्या देणगीतून'. तुम्हीच हार घालून ती उघडलीत. पैसे तुमचे, तर हिशेब आम्ही कशाला मागू? मग पंचायतीचे दोन लाख खात्यात तसेच असतील. त्यातून राखणदार नेमा. नसतील, तर पाटी खोटी आहे एवढं इथेच सांगा."

आता कोणी हसलं नाही. त्या पाटीखाली सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

पुढच्या सोमवारी तावड्यांनी पदरचे दोन लाख पंचायतीत भरले.