कुंडाशी कुस्ती

"मग साफ म्हणजे तरी काय, बाबा?"

रंगराव पैलवान रिकाम्या कुंडात मधोमध उभा होता. अंगावर लंगोट, हातात तारेचा ब्रश. आणि तोंडावर असा राग, की जणू चितपट मारलेली कुस्ती पंचानं बरोबरीत सोडवली.

चांदशा फकीर काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी पायरीच्या दगडावर तळवा ठेवला. हळूच पुढं नेला, मागं आणला.

"खरबरीत," म्हणाले.

झालं. एवढंच.

रंगराव घाटावरचा. खांदा धरला म्हणून खाली कोकणात गरम पाण्याच्या या कुंडावर शेकायला आला होता. खांदा सुटला, पण गडी काही परत गेला नाही. कारण चांदशा.

म्हातारा हाडकुळा, फुंकर मारली तर उडेल असा. पण कुंडावर कुणीही येवो, पोलीसपाटील येवो नाहीतर पाटी वाहणारा येवो, चांदशा म्हणणार, "आधी अंगाचं तेल धू, मग उतर." आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. तरी माणसं मुकाट्यानं बाजूच्या दगडी डोणीतलं पाणी अंगावर घ्यायची.

रंगरावाच्या दंडाला पाच-पंचवीस गावं भीत होती. पण त्याचं असं मुकाट्यानं कुणी कधी ऐकलं नव्हतं. हे बळ काहीतरी निराळंच आहे, आणि ते आपल्याला पाहिजे, एवढं त्याला कळलं.

"बाबा, मला चेला करा. डोक्यावर हात ठेवा."

"कुंड साफ कर. साफ झालं की ठेवीन."

आता दगड घासायला काय लागतं? दंड लागतात. ते तर होतेच.

चांदशांची रीत त्यानं बघितली होती. पहाटे डाट काढायचा, पाणी ओढ्याला सोडायचं, झऱ्याचं तोंड फळी लावून वळवायचं. मग जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन दगड पुसत बसायचं. आणि पुसायचं तरी कसं, तर तापानं फणफणलेल्या पोराचं अंग पुसावं तसं. रंगरावाला हसू यायचं. म्हाताऱ्याच्या अंगात जोर नाही, दुसरं काय!

त्यानं घाटावरून तारेचा ब्रश मागवला. विटेचे तुकडे घेतले. आखाडा उकरावा तसं कुंड उकरून काढलं. कोपऱ्याकोपऱ्यांत खाराचा पांढरा थर बसला होता, तो खरवडला. काळे दगड राखाडी होईस्तोवर सोडले नाहीत. आंघोळीला आलेली माणसं म्हणाली, "वा पैलवान, कुंड कालच बांधल्यासारखं दिसतंय!"

आणि आठवड्यात शेवाळ धरलं.

पहिल्यापेक्षा जास्त. बोटानं निघेना, असं चिकट.

त्यानं परत घासलं. परत धरलं. त्यानं आणखी जोरानं घासलं.

म्हणून तर आज तो ओरडत होता.

"सांगा की! साफ म्हणजे काय? माझ्या हाताची सालपटं निघाली!"

चांदशा उठले. चुलीतली चिमूटभर राख घेऊन आले. काठाजवळ एक दगड होता, रंगरावाच्या ब्रशातून कसा कोण जाणे वाचलेला. त्यावर थोडी राख टाकली. शेजारच्या घासलेल्या दगडावर थोडी टाकली. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतलं.

काळ्या दगडावरची राख गेली.

राखाडी दगडावरची बसून राहिली. ब्रशाच्या रेघारेघांत.

रंगराव बघत राहिला...

"तू कुंडाशी कुस्ती खेळलास, पैलवान."

"मग? जिंकलोच की!"

"हो. जिंकलास."

असं शांतपणानं म्हटलं की माणसाला फार लागतं. रंगराव ताडकन कुंडाबाहेर आला. "मग दुसरा चेला बघा! लुगडं घेऊन दगड कुरवाळणारा!" त्यानं धोतर गुंडाळलं, गाठोडं बांधायला घेतलं.

चांदशांनी त्याला थांब म्हटलं नाही. डाट बसवला, फळी काढली. वाफाळतं पाणी कुंडात भरायला लागलं.

तेवढ्यात धाकू आला.

धाकू पूर्वी खाडीवर माणसं पार करायची होडी चालवायचा. पुढं रोगानं त्याची पावलं बधिर झाली. विंचू चावला तरी कळू नये अशी. काठी टेकत, तोंडानं अखंड बडबड करत तो दर गुरुवारी यायचा; मधले काही गुरुवार तेवढे चुकले होते.

"काय पैलवान, निघालास? घाटावरच्या म्हशी आठवल्या काय?"

रंगरावानं गाठोड्याची गाठ आवळली.

कुंड भरेस्तोवर धाकूनं डोणीवर अंग धुतलं. चांदशांनी आधी स्वतःचा हात कुंडात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. थोडं गार पाणी सोडलं, परत हात घातला. पाणी पोळतंय की नाही, हे धाकूच्या पायांना कुठं कळत होतं?

"हां... आता उतर."

धाकू उतरला. पायऱ्या चाचपत, पाय फरफटत. गळ्यापर्यंत पाण्यात बसला आणि "हाऽऽश" केलं. मग सोयरिकीची एक गोष्ट काढली, कुणाचा नवरदेव ऐन मांडवात कसा झोपला त्याची. सांगता सांगता स्वतःच हसत सुटला.

रंगरावाचं लक्ष पाण्याकडं गेलं.

पायरीपासून तांबडा दोरा निघाला होता. वाफेखाली, हळूहळू, धाकूच्या पावलांपर्यंत.

गाठोडं हातातून पडलं. पैलवान धोतरासकट पाण्यात उतरला, धाकूला दोन्ही हातांवर उचललं आणि काठावर आणून बसवलं.

"आरं, आरं! काय झालं? नवरदेवाची गोष्ट राहिली की!"

पैलवानानं त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. तळवा सोलून निघाला होता. दुसराही तसाच.

धाकूनं खाली बघितलं. "हात्तिच्या! लागलं होय? बघ, मला ठाऊकच नाय." आणि परत हसला.

पैलवानाला ते हसणं सहन होईना. त्यानं वर बघितलं.

"बाबा... तुम्ही बोलला का न्हाई?"

"बोललो."

"कधी?"

"खरबरीत, म्हणालो."

ओढ्याचं पाणी वाजत होतं.

पैलवानानं नेसत्या धोतराचा सोगा फाडला आणि धाकूचे पाय बांधले. गाठोडं तिथंच पडून राहिलं. ब्रश चुलीमागं गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यात उतरून गोटे धुंडाळत होता. उचलायचा, हातात फिरवायचा, टाकून द्यायचा. शेवटी एक मिळाला, लोण्याच्या गोळ्यासारखा. तो घेऊन कुंडात बसला. वरून पाण्याची धार धरायची आणि गोटा फिरवायचा. दाब नाही, घाई नाही. एका पायरीचा वीतभर तुकडा, दिवसभर.

एक अडचण आली. दगड गुळगुळीत झाला की नाही, ते त्याच्या हाताला कळेना. आखाड्यात खेळून तळवे निबर झालेले. चांदशांसारखा हात फिरवून बघायचा, पण बोध काही होईना.

मग तो दगडावर आडवा व्हायचा आणि गाल टेकवून बघायचा.

येणारेजाणारे हसायचे. "पैलवान, दगडाचा मुका घेतोस काय रे? लगीन कर आता!" पूर्वीचा रंगराव असता तर हसणाऱ्याला ओढ्यात फेकला असता. आता म्हणायचा, "अंगाचं तेल धुवा आधी."

आणि ते धुवायचे.

हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

धाकूच्या जखमा भरल्या, तसा तो परत यायला लागला. पैलवान त्याला पाठुंगळीला घ्यायचा. तसाच कुंडात उतरायचा आणि पाण्यात तोलून धरायचा, पाय तळाला लागू द्यायचा नाही. धाकू पाठीवरून हुकूम सोडायचा, "डावीकडं घे रे, वल्हव!" चांदशा काठावरून बघत बसायचे.

पावसाळा सरला, थंडी सरली. दगड परत काळे दिसायला लागले. शेवाळ यायचं, पण सकाळी लुगड्याचा बोळा फिरवला की सुटायचं.

चेला करा, हे पैलवानानं परत एकदाही काढलं नाही.

एका गुरुवारी चांदशांनीच विचारलं.

"काय पैलवान, कुंड साफ झालं?"

"ठाऊक न्हाई, बाबा. अजून धाकू यायचाय."

धाकू आला. पाठुंगळीला चढायला लागला, तर पैलवान बाजूला सरला. "आज तुझ्या पायानं उतर, धाकूदा."

धाकू उतरला. पायऱ्या चाचपत, पाय फरफटत. पैलवान काठावर ओणवा होऊन पाण्यात तांबडं काही दिसतंय का बघत होता.

धाकूनं मनसोक्त आंघोळ केली. नवरदेवाची राहिलेली गोष्ट पुरी केली. वर आला.

पैलवान त्याच्या पायाशी बसला. एक पाऊल मांडीवर घेतलं, पंच्यानं पुसलं. तळवा वळवून उजेडात बघितला. बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली.

कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानं दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.

तो पुसत असतानाच चांदशा मागून आले. त्याच्या तासलेल्या डोक्यावर त्यांनी तळवा ठेवला. हळूच पुढं नेला, मागं आणला... दगडावरून फिरवायचे तसा.

"खरबरीत आहे अजून," म्हणाले. "घासू नकोस."