स्वच्छ बाटल्या

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गुर्जर प्रत्येक बाटलीत अँटिबायोटिक घालायला लावत. "अकरा वर्षांत माझ्याकडे एक जंतू शिरलेला नाही," असं ते ऐकवत. पण नव्या संशोधक शर्वाणी घोरपडेला दिसलं, की पेशी उगाचच कोमेजताहेत. बाटल्यांत जंतू लपले असावेत, असं तिनं सरांना सांगितलं.

"जंतू दाखवा, नाहीतर राजीनामा द्या!" सर गरजले.

"याच पेशी तुम्हीच एका बाटलीत अँटिबायोटिकशिवाय वाढवा, सर. झाकणावर सही करा."

चौथ्या दिवशी सरांनी पेशी वाढवायचं उबदार कपाट उघडलं. सही शाबूत होती. बाटलीतला लाल द्रव पिवळा, गढूळ झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं वळवळत होतं.

"हे शिरलं कधी?" सर पुटपुटले.

"अकरा वर्षांत शिरलं नाही ना, सर? म्हणजे त्याआधीपासूनच इथे असणार. औषधानं ते मेलं नव्हतं, फक्त गप्प बसलं होतं."

सरांनी उरलेल्या स्वच्छ बाटल्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.