उरखडा

मंडळी, आधी एक सांगा. विश्वास कुणावर ठेवावा, बोलत्या माणसावर की मुक्या मडक्यावर? घाई करू नका. माझ्या दुकानात दिवसभर माणसं बोलत असतात, तरी मी मडक्याच्या बाजूचा.

आमच्याकडे शापलेल्या वस्तूला ‘उरखडा’ म्हणतात. ‘तो बैल घेऊ नका शेट, उरखडा आहे, तीन धनी खाल्ले त्यानं!’ शब्द सगळ्यांच्या तोंडी. तो आला मात्र नदीतून.

फार वर्षांमागं, पूल नव्हता तेव्हा, इथं सुभाना नावाडी होता. त्याला विसाच्या पुढं मोजता येत नसे. म्हणून नावेत एक मडकं ठेवलेलं. चढताना प्रत्येकानं त्यात एक खडा टाकायचा, पैलतीरी उतरताना एक काढून पाण्यात फेकायचा. मडकं रिकामं झालं की सुभाना नाव बांधणार. चाळीस वर्षांत एकही खडा उरला नाही, असं म्हणतात.

श्रावणातला बाजार होता, नदी दुथडी भरलेली. सिद्रामशेटनं नावेत गुळाच्या ढेपा माणसाच्या उंचीएवढ्या रचल्या. हा सिद्रामशेट माझाच खापरपणजोबा, लपवत नाही.

सुभाना म्हणाला, “शेट, ढेपा कमी करा.”

“अरे, गूळ काय उडी मारतोय व्हय पाण्यात?”

सगळे हसले. नाव हेलकावे खात पैलतीरी लागली. माणसं उतरली, खडे निघाले, आणि मडक्यात एक खडा उरला.

“कुणी हलायचं नाही,” सुभाना म्हणाला. ज्यानं त्यानं आपापली माणसं पाहिली. सगळी होती. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. गूळ भिजणार म्हणून सिद्रामशेट बोलून गेला, “सुभाना, चूक माझी. गडबडीत मी दोन टाकले.”

शेटचा शब्द बाजारात चालायचा. सुभानानं ऐकलं. खडा टाकून द्यायला मडकं उपडं केलं, तर खडा खाली पडेना. हलवलं, थोपटलं, तरी पडेना.

मग हमालांनी शेवटची ढेप उचलली. मागं एक बोचकं होतं. आत सुया, पोत, बिब्बे. तेव्हा कुठं सगळ्यांना आठवली, सुया विकणारी वैदीण. ती ढेपांच्या आड बसली होती, हेलकाव्यात पाण्यात पडली ते कुणाला दिसलंच नाही. कुणाचीच नव्हती, म्हणून कुणी शोधली नव्हती.

सुभाना एवढंच म्हणाला, “शेट, मी तुमचं ऐकलं.” मडकं त्याच्या हाती दिलं आणि एकट्यानं नाव पुरात लोटली.

तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी नाव आली. खालून वर, धारेच्या उलट! नावेत वैदीण एकटी, जिती.

“सुभाना कुठाय?” लोक ओरडले.

“असं काय करता? मला त्यानंच वर ओढलं. तीन दिस वल्हवतोय की, हा काय मागं बसलाय.”

मागं कुणी नव्हतं. वल्हं मात्र हलत होतं, असं म्हणतात.

त्याच क्षणी मडक्यातला खडा आपोआप पडला, सिद्रामशेटच्या पायाशी. त्यानं तो नदीत फेकला. सकाळी पाहतो तो खडा तागडीत, ओलाच्या ओला. जितक्या वेळा फेकला, तितक्या वेळा परत. त्याची तागडी पुन्हा कधी सरळ राहिली नाही. अखेर त्यानं नदीकाठी पार बांधला आणि मडकं खड्यासकट तिथं ठेवलं. लोक त्याला उरलेला खडा, उरखडा म्हणू लागले. तो अजून वाळलेला नाही, असं म्हणतात. मी बोट लावून पाहिलेलं नाही.

आता पूल आहे. तरी वऱ्हाड निघो, नाहीतर शाळेची सहल, पारावर सुभानाच्या नावानं दुसरं मडकं असतं. जाताना खडा टाकायचा, आल्यावर काढायचा. परवा वऱ्हाडाचा टेम्पो परतला आणि एक खडा उरला. आचारी ढाब्यावर झोपून राहिला होता! तो येईपर्यंत नव्या नवरीसकट सगळे पारावर बसून राहिले, घराकडे कुणी पाऊल टाकलं नाही.

तुम्हीही कधी चार माणसं घेऊन निघाल. हिशेब चोख ठेवा. एक खडा उरला, तर ‘मी दोन टाकले’ म्हणू नका. गूळ भिजला तर भिजू द्या.