राजाने ऐकलेले ठोके

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही.

एका डोंगरावर एक लहानसं राज्य होतं. राजा तरुण होता, मनाने चांगला होता, पण उतावळा होता. एका वर्षी पाऊस लांबला. तळी आटली. गावात एकच खोल विहीर उरली आणि सगळं गाव तिच्या पाण्यावर जगू लागलं.

त्या विहिरीवर सटवाजी नावाचा मोटकरी मोट हाकत असे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येई आणि हौदात रिकामी होई. बैल मागे सरले की ती पुन्हा विहिरीत उतरे. तिथे सटवाजी बैलांना थोपवून धरी. मोट बुडबुडत पाण्यात बुडली, जड झाली, की मगच तो बैलांना हाक देई.

राजा एकदा विहिरीवर आला. हौदाभोवती घागरी घेऊन बायका ताटकळत उभ्या होत्या आणि बैल मात्र उभेच होते.

राजा संतापला. "गाव तहानेने मरतंय आणि तू बैल उभे करून काय बघतोस?"

"मोट भरायला वेळ द्यावा लागतो, महाराज."

"थांबणं म्हणजे आळस! आजपासून बैल क्षणभरही थांबता कामा नयेत. तूही नाही."

राजाज्ञेपुढे मोटकऱ्याचं काय चालणार? सटवाजी बैल पळवू लागला. मोटा दुप्पट येऊ लागल्या, पण प्रत्येक मोट अर्ध्याहून रिकामी. शिवाय धावत्या मोटेतलं पाणी वाटेतच हिंदकळून सांडे. हौद भरण्याऐवजी उतरत चालला. राजाला वाटलं, अजून जोर हवा. त्याने आणखी घाई करायला फर्मावलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सटवाजी बैलांमागे धावता धावता कोसळला.

राजा तिथेच होता. तो धावत आला. कुणीतरी नागूबाईला बोलावून आणलं. ती गावची म्हातारी वैद्यीण होती. तिने सटवाजीला सावलीत निजवलं, अंगरखा सैल केला, ओलं फडकं कपाळावर ठेवलं आणि त्याच्या छातीला कान लावला. तिचा चेहरा उतरला.

"वाचेल ना?" राजाने विचारलं.

"इकडे या. तुम्हीच ऐका."

राजा गुडघ्यांवर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दुसऱ्या माणसाच्या छातीला कान लावला. आत नुसता धडधडाट चालला होता. एका ठोक्यावर दुसरा आदळत होता.

"जोरात चाललंय की," राजा म्हणाला. "म्हणजे चांगलंच ना?"

"जोरात चाललंय, पण भरत नाहीये," नागूबाई म्हणाली. "माझे वडील मेंढपाळ होते. मेलेल्या मेंढीचं हृदय उघडून त्यांनी मला दाखवलं होतं. माणसाचंही तसंच असतं. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या, आणि मध्ये एकाच बाजूला उघडणारी दारं. हृदय सैल पडलं की वरच्या खोल्यांतलं रक्त आपसूक खाली उतरतं. उरलंसुरलं वरच्या खोल्या शेवटी दाबून ढकलतात. मग खालच्या खोल्या आवळतात. मधली दारं बंद होतात, तो पहिला आवाज. उजवी खोली रक्त फुप्फुसांत धाडते, डावी साऱ्या अंगात. रक्त बाहेर पडलं की बाहेरची दारं मिटतात, तो दुसरा आवाज."

"आणि मग?"

"मग शांतता. पुन्हा सैल पडणं, पुन्हा भरणं. हृदयाच्या स्वतःच्या अंगालाही रक्त मिळतं ते बहुतेक याच शांततेत. धावपळ वाढली की सगळ्यात आधी तीच आखडते."

सटवाजीला शुद्ध आली तेव्हा तिने मीठ-गुळाचं पाणी त्याला घोटघोट पाजलं. ऊन कलू लागलं. राजा जागचा हलला नाही. त्याने पुन्हा कान लावला. आता दोन आवाज वेगळे ऐकू येत होते आणि त्यांच्यामागे एक स्वस्थ, लांब शांतता.

"हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?" राजा पुटपुटला.

सटवाजीने डोळे उघडले. "मी सांगितलं होतं, महाराज. मोटेबद्दल."

राजाने मान खाली घातली.

मग तो उठला, विहिरीवर गेला आणि त्याने बैलांचे कासरे स्वतःच्या हाती घेतले. मोट खाली उतरली. हौदाशी उभ्या असलेल्या बायका अस्वस्थ झाल्या, पण राजा थांबला. मोट पुरती बुडाली, दोर ताणले गेले, आणि मगच त्याने बैलांना हाक दिली. काठोकाठ भरलेली मोट वर आली. दिवस मावळायच्या आत प्रत्येक घागर भरली आणि हौदातही हातभर पाणी शिल्लक राहिलं.

दुसऱ्या दिवशी राजाने दोन मोटकरी आणि बैलांची दुसरी जोडी नेमली. एक जोडी राबे तेव्हा दुसरी सावलीत रवंथ करी. पाऊस आणखी महिनाभर आला नाही, पण गावात कुणी तहानेने मेलं नाही.

सटवाजी जगला. मात्र त्याचं हृदय पूर्वीसारखं झालं नाही. बैलांमागे चालण्याचं बळ त्याच्यात पुन्हा आलं नाही. राजा त्याला भेटायला जाई, क्षमा मागे, आणि सटवाजी क्षमा करीही. पण गेलेलं बळ राजाला परत देता आलं नाही.

तात्पर्य: भरण्यासाठी थांबणं हा आळस नव्हे; जो भरू देत नाही, त्याला उपसायलाही काही मिळत नाही.