माळणीची काडी

विश्वास कुणावर ठेवाल हो, राजाच्या हुकमावर की माळणीच्या हातावर? आधी ऐका, मग बोला.

आंबेगडात जुनी चाल होती. नवराबायकोचं पटेना, तर दरबारात काडी मोडायची, शंभर दिवस थांबायचं आणि मग खुशाल दुसरा पाट लावून नवा संसार मांडायचा. एकदा शंभरावा दिवस भरताच राजाचा न्हावी अर्धी दाढी तशीच टाकून स्वतःच्या पाटाला पळाला. राजा भडकला!

"दिवस काय, कुणीही मोजतं! यापुढं मोडलेली काडी माझ्या वाड्याच्या अंगणात रोवायची. ती पालवेल तेव्हाच पाट!"

झालं! अंगणात वाळक्या काड्यांची रांग लागली. पालवेल तर शपथ!

अशात गोजरा माळीण आणि तिचा नवरा विठू काडीमोडीला आले. गोजरानं काडी आणली, ती अंगठ्याएवढी जाड!

"एवढी जाड कशाला गं?" राजानं विचारलं.

"सात वर्षांचा संसार आहे सरकार, गवताच्या काडीनं कसा मोडेल?"

दरबार हसला. काडी मोडली. आपापला तुकडा दोघांनी अंगणात रोवला. पुढं शेजारच्या मळ्यातल्या हैबतीनं गोजराला मागणी घातली. बिचारा विधुर, पदरात दोन चिमणी पोरं. पण त्याची आई म्हणाली, "आखजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या सणापर्यंत, थांबते. नाहीतर दुसरी सून बघते!" आखजी तर महिन्यावर आलेली.

गोजरा रोज सकाळी येई, तांब्याभर पाणी घाली आणि जाई. पंचविसाव्या दिवशी पहारेकरी ओरडत आला, "सरकार, काडी पालवली!"

राजा अनवाणीच धावला. काडीवर हिरवी पालवी डुलत होती!

"अगं, हा तर शेवगा! ही लबाडी आहे!"

"लबाडी कसली, सरकार? फांदी रोवली की शेवगा येतो, हे मळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल."

"मग विठूचा तुकडा का वाळला?"

"त्यानं उलटा रोवला! सात वर्षं मी सांगत होते, शेंडा वर ठेवावा. ऐकतो कुठं!"

"पण सगळे गवताची काडी आणतात. तूच का शेवग्याची आणलीस?"

"सरकार, त्यांनी मोडायला काडी आणली. मी लावायला आणली!"

राजा पोट धरून हसला. गोजराला जरीचं लुगडं आणि बारमाही पाण्याचा मळा दिला. आखजीच्या आधीच तिचा हैबतीशी पाट लागला. शंभर दिवसांची जुनी चाल परत आली आणि काडीमोडीनंतरचे दिवस मोजायची वही राजानं गोजराच्याच हाती ठेवली.

"बाई, हिशेब तेवढा चोख ठेव हं!"